छऱ्यांचे काडतूस

छऱ्यांचे काडतूस : आतून गुळगुळीत नळी असलेल्या बंदुकीत वापरावयाचे, टोपी, दारू, डाट आणि छरे हे सर्व घटक एकाच कवचात बंद केलेले दारूगोळ्याचे एकक. रायफल व पिस्तूल यांच्या नळीत आतल्या बाजूस सर्पिल खोबणी असतात आणि त्यांतून एकच गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते. छऱ्यांच्या बंदुकीत अशा खोबणी नसतात व एका बारात सहा-आठपासून कित्येक शेपर्यंत छरे एकदम सुटतात. काडतूस बदलले की तीच बंदूक तित्तिरासाठी, रानडुकरासाठी किंवा घराच्या रक्षणासाठी वापरता येते. बंदुकीचा परिणाम बंदुकीपेक्षा काडतुसावरच अधिक अवलंबून असल्यामुळे, संरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्याच्या दृष्टीने काडतुसाची निवड ही किरकोळ बाब ठरत नाही. प्रत्यक्षात मात्र नळीची लांबी आणि दस्त्याचे लाकूड यांची चौकशी बारकाईने होते व काडतुसे दुकानात असतील ती घेतली जातात.

रचना व कार्य : काडतुसाचे कवच म्हणजे एक नळकांडे असते. पूर्वी ते जाड कागदाचे करीत. आता ते बहुधा प्लॅस्टिकचे असते. त्याच्या बुडाला पितळेची किंवा पितळी मुलामा दिलेल्या पोलादाची वाटी बसविलेली असते व तिच्या मध्यभागी आघाताने पेटणारी टोपी असते. टोपीच्या वर धूररहित दारू, दारूवर डाट आणि डाटेवर छरे अशी मांडणी असते. तोंडाशी कवचाच्या कडा आत दुमडून ते बंद करतात. चाप ओढल्यावर घोड्याच्या किंवा खिळीच्या आघाताने टोपी पेटते, तिच्या ज्वाळेने दारू जळू लागते आणि निर्माण झालेला वायू डाटेला पुढे रेटतो. वायू छऱ्यांच्या फटींतून निसटू नये आणि रेटा सर्व छऱ्यांवर सारखा यावा, हे डाटेचे मुख्य काम होय. पूर्वीच्या डाटी नमद्याच्या वा पुठ्ठ्याच्या असत. १९६० नंतर रूढ झालेल्या प्लॅस्टिकच्या डाटेला वरच्या बाजूस पेल्यासारखा भाग असतो. छरे त्या पेल्यात बसून नळीतून जात असल्याने ते नळीवर घासून चपटे होत नाहीत, तसेच नळीत शिसेही साचत नाही.

दारू, टोपी, डाट व छरे यांचे प्रमाण परस्परांशी बांधलेले असते. बारा बोअरच्या ७० मिमी. काडतुसासाठी अमेरिकेतील मानकानुसार कमाल दाब दर चौरस इंचाला ११,५०० पौंड, म्हणजे सु. ७९० बार इतका ठरविलेला आहे. घटकांपैकी एक जरी बदलला, तरी हा दाब अनपेक्षितपणे चढू शकतो. दारूचे वजन तेच ठेवून केवळ डाट किंवा टोपी बदलली तरीही असे होते. अमेरिकेत रिकामी कवचे घरी पुन्हा भरण्याचा छंद पुष्कळांना असला, तरी ते लोक कारखान्यांनी तपासून प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांबाहेर जात नाहीत. भारतात दारूगोळा तयार करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्यासाठी पुरत नाही.

बोअर : नळीचा व्यास सांगण्याची या बंदुकांची रीत जुनी व काहीशी चमत्कारिक आहे. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड वजन भरते, तो आकडा म्हणजे त्या बंदुकीचे बोअर. एका पौंडात बारा गोळ्या बसल्या, तर प्रत्येक गोळी सु. ३७·८ ग्रॅ. वजनाची आणि १८·५ मिमी. व्यासाची होते, हाच बारा बोअरचा व्यास होय. साहजिकच आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. सोळा बोअरचा व्यास १६·८ मिमी., तर वीस बोअरचा १५·६ मिमी. असतो. ‘चारशे दहा’ या नावाने ओळखली जाणारी लहान बंदूक मात्र या रीतीला अपवाद आहे, तिचा आकडा इंचाच्या सहस्रांशांत दिलेला प्रत्यक्ष व्यास (सु. १०·४ मिमी.) दाखवितो.

या आकड्यांतील गोंधळ जीवावर बेतू शकतो. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत टाकले, तर ते कोठीतून पुढे घसरते आणि नळी जेथे अरुंद होते तेथे अडकून बसते. बंदूक रिकामी आहे असे वाटून मागे बारा बोअरचे काडतूस घातले व बार काढला, तर नळी फुटते. एवढ्यासाठी वीस बोअरच्या काडतुसांचे कवच पिवळे ठेवण्याचा प्रघात आहे. दुसरी चूक लांबीची. काडतुसावर छापलेली लांबी ही बार झाल्यानंतर उलगडलेल्या कवचाची असते. त्यामुळे ७६ मिमी. काडतूस ७० मिमी. कोठीत, किंवा ७० मिमी. काडतूस ६५ मिमी.च्या जुन्या इंग्रजी बंदुकीत सहज बसते. पण बार होताना दुमडलेले तोंड उलगडण्यास जागा मिळत नाही, छऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे जातो. काडतूस आत बसले म्हणजे ते चालते, ही समजूत या बंदुकीच्या बाबतीत पूर्णतः चुकीची आहे.

छऱ्यांचे आकार : छरे मुख्यतः शिशाचे असून कठीणपणासाठी शिशात अँटिमनी मिसळतात. आकार क्रमांकांनी किंवा अक्षरांनी दर्शवितात. भारतात ब्रिटिश पद्धत रूढ झाली व तीत वजनाचा हिशोब औंसावर आहे : एल. जी. छरे एका औंसात (२८·३५ ग्रॅ.) सहा, एस. जी. आठ, एस. एस. जी. पंधरा, बी. बी. सत्तर, चार क्रमांकाचे एकशे सत्तर आणि सहा क्रमांकाचे दोनशे सत्तर बसतात. एस. जी. छऱ्याचा व्यास सु. ८·४ मिमी., तर सहा क्रमांकाच्या छऱ्याचा सु. २·६ मिमी. भरतो. अमेरिकेत ८·४ मिमी.च्या छऱ्याला ‘डबल ऑट’ म्हणतात व तो दोन शून्यांनी लिहितात. मात्र दोन्ही देशांचे क्रमांक सर्वत्र जुळत नाहीत. अमेरिकन सहा क्रमांक ब्रिटिश सहापेक्षा मोठा असतो. शिवाय अमेरिकेत ‘चार क्रमांक’ या नावाचे दोन वेगळे छरे आहेत : पक्ष्यांसाठीचा ३·३ मिमी.चा आणि मोठ्या छऱ्यांच्या मालिकेतील ६·१ मिमी.चा. परदेशी पुस्तकातील शिफारस वाचून येथील डबी उचलणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

मोठा व लहान छरा यांतील फरक केवळ संख्येचा नाही. गोलाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर हवेचा विरोध ज्यावर होतो ते क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात. म्हणून लहान छरा वेग लवकर गमावतो आणि कशातही खोल शिरू शकत नाही. सु. ३·५ ग्रॅ. वजनाचा एस. जी. छरा सेकंदाला ४०० मी. वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सु. २८० जूल असते. असे नऊ छरे मिळून सु. २,५०० जूल होतात. सहा क्रमांकाच्या एका छऱ्याचे वजन जेमतेम एक दशांश ग्रॅम असते. त्याच वेगाला त्याची ऊर्जा आठ-साडेआठ जूलच भरते. छऱ्यांऐवजी एकच जड गोळी असलेली काडतुसेही मिळतात. ती मोठ्या जनावरांसाठी असून वस्तीत वापरण्याजोगी नाहीत.

इतिहास : ठासणीच्या बंदुकीत दारू, चिंध्यांची डाट व छरे एकामागून एक नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावे लागत. छरे गोल व सारखे करणे हेच तेव्हा मोठे काम होते. ब्रिस्टल येथील नळकाम करणारा कारागीर विल्यम वॉट्स याने १७८२ मध्ये एक पद्धत पेटंट केली. थोडे आर्सेनिक मिसळलेले वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून ओतावयाचे. थेंब खाली येता येता पृष्ठताणामुळे गोल होतात व तळच्या पाण्यात पडून थिजतात. यासाठी बांधलेले उंच छरे-मनोरे पुढे यूरोप-अमेरिकेतील शहरांची ओळखीची खूण बनले. पॅरिस येथे योहानेस पाउली याने १८१२ मध्ये मागून भरावयाच्या बंदुकीचे व तिच्या स्वयंपूर्ण काडतुसाचे पेटंट घेतले. त्यानंतर काझिमिर लफोशो याचे बाजूस खिळ असलेले काडतूस आले आणि १८६० नंतर मध्यभागी टोपी असलेले आजचे रूप स्थिरावले. त्याच शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा धूररहित दारूने घेतली. अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १९६० मध्ये प्लॅस्टिकचे कवच बाजारात आणले. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात कागदी काडतुसे फुगून कोठीत शिरेनाशी होत. प्लॅस्टिकमुळे ती अडचण गेली.

फैलाव : नळीतून सुटल्यावर छरे हळूहळू पसरत जातात. हा फैलाव आवरण्यासाठी नळीचे तोंड किंचित अरुंद करतात. त्यास चोक म्हणतात. बारा बोअरच्या पूर्ण चोकमध्ये हे आकुंचन सु. १ मिमी. इतकेच असते. चाळीस यार्डांवर (३६·६ मी.) तीस इंच (७६ सेंमी.) व्यासाच्या वर्तुळात किती छरे पडतात, यावर चोक मोजतात. चोक नसलेल्या नळीतून सु. ४० टक्के, तर पूर्ण चोकमधून सु. ७० टक्के छरे त्या वर्तुळात येतात.

छऱ्यांच्या बंदुकीला नेम लागत नाही, नुसती दिशा दाखविली तरी पुरते, हा समज चित्रपटांनी दृढ केला आहे. घरातील अंतरांच्या संदर्भात तो अगदी खोटा ठरतो. चोक नसलेल्या नळीतूनही फैलाव स्थूलमानाने दर मीटरला दोन-तीन सेंमी. वाढतो. दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाच मीटर धरले, तर सगळे छरे पंधरा सेंमी.च्या आत, म्हणजे तळहाताएवढ्या जागेत लागतात. नेम एका हाताने चुकला तर सगळाच बार चुकतो आणि पाठीमागच्या भिंतीकडे जातो.

गृहसंरक्षणासाठी निवड : या प्रश्नाचा सर्वाधिक ऊहापोह अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कोलंबिया जिल्हा विरुद्ध हेलर या खटल्यात घरात स्वसंरक्षणार्थ बंदूक बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. तत्पूर्वीही बारा बोअरची बंदूक हे तेथील शेतघरांतले नेहमीचे हत्यार होते. जवळच्या अंतरावर मोठ्या छऱ्यांचा परिणाम किती भयंकर असतो, याची साक्ष पहिल्या महायुद्धात मिळाली. अमेरिकन सैनिकांनी खंदकांत वापरलेल्या या बंदुकांविरुद्ध जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये अधिकृत निषेध नोंदविला व अमेरिकेने तो फेटाळला.

काडतूस निवडताना दोन गरजा परस्परांविरुद्ध उभ्या राहतात. हल्लेखोर थांबावयाचा, तर छरा शरीरात पुरेसा खोल गेला पाहिजे. तो चुकला किंवा आरपार गेला, तर पलीकडच्या खोलीतील माणसापर्यंत पोहोचता कामा नये. पहिल्या गरजेचे माप अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाने (एफ. बी. आय.) घालून दिले. एप्रिल १९८६ मध्ये मायामी येथे झालेल्या चकमकीत त्याचे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतरच्या विचारविनिमयातून असे ठरले, की शरीराच्या ऊतकांसारखा विरोध करणाऱ्या जिलेटिनात गोळी किमान बारा इंच (सु. ३० सेंमी.) व फार तर अठरा इंच (सु. ४६ सेंमी.) जावी. ही मर्यादा वरवर पाहता अवास्तव वाटते. परंतु हल्लेखोराचा हात मध्ये आडवा असू शकतो आणि तो कुशीवर वळलेला असू शकतो, हे तिच्यात गृहीत धरले आहे. निकष पिस्तुलाच्या गोळ्यांसाठी होता. पुढे छऱ्यांनाही तो लावला गेला. एस. जी. किंवा डबल ऑट छरे या कसोटीला सहज उतरतात. बारीक छरे साधारणतः १०–१५ सेंमी.वर थांबतात.

दुसऱ्या गरजेचे उत्तर यामुळेच सोपे राहत नाही. अमेरिकन घरांतील आतल्या भिंती बहुधा लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना जिप्समचे सु. १२·७ मिमी. जाडीचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. शरीरात तीस सेंमी. जाणारा छरा अशा एकामागून एक कित्येक भिंती भेदतो. ‘भिंतीत थांबणारा पण माणसाला थांबविणारा’ छरा शोधण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. एकही पूर्णपणे यशस्वी झालेला नाही, आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तो व्हावा अशी अपेक्षाही नाही. बारीक छऱ्यांची शिफारस करणारे भिंतीचा विचार करतात आणि त्यांचा युक्तिवाद दोन-तीन मीटरपर्यंत काही अंशी खराही असतो, कारण तेथे छरे एकत्रितच लागतात. अंतर थोडे वाढले किंवा अंगावर जाड कपडे असले, की जखम विद्रूप पण उथळ होते. हल्लेखोर जखमी होतो, थांबत मात्र नाही. म्हणून बहुतेक जाणकार मोठ्या छऱ्यांचा, पण कमी वेगाच्या भराचा पर्याय सुचवितात. नेहमीच्या ४०० मी./से. ऐवजी सु. ३५०–३६५ मी./से. वेगाच्या अशा काडतुसांत खांद्याला धक्का कमी बसतो, दुसरा बार लवकर साधतो आणि छरेही अधिक एकत्र राहतात. भिंतीचा प्रश्न त्याने सुटत नाही. तो बार कोणत्या दिशेने जाईल याचा विचार आधीच करून, म्हणजे मुले कोठे झोपतात व शेजाऱ्याची भिंत कोणती हे पाहूनच सोडवावा लागतो.

बारीक छरे प्राणघातक नसतात, असा निष्कर्षही यातून काढता येत नाही. काश्मीर खोऱ्यात २०१० पासून जमाव पांगविण्यासाठी बारीक छऱ्यांची काडतुसे वापरली गेली. २०१६ मधील निदर्शनांच्या काळात शेकडो लोकांच्या डोळ्यांना त्यांमुळे इजा झाली व अनेकांची दृष्टी गेली.

भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, घरांची बांधणी निराळी असल्याने अमेरिकन शिफारशी जशाच्या तशा लागू होत नाहीत. नऊ इंची विटांच्या भिंतीतून छरे आरपार जात नाहीत. परंतु दगडी भिंतीवर किंवा फरशीवर आपटून ते उसळतात आणि लहान खोलीत उडविणाऱ्यावरही येऊ शकतात. दुसऱ्या बाजूस पत्र्याची शेड, कुडाच्या भिंती, लाकडी दारे व खिडक्या छऱ्यांना जवळजवळ अडवीतच नाहीत. मळ्यातील वस्तीवर अंगणात उडविलेला एस. जी. छरा शंभर मीटरांपलीकडेही माणसाला जखमी करू शकतो, ही गोष्ट रात्री नजर पोहोचत नाही तेथे अधिकच महत्त्वाची ठरते.

भरणे व साठवण : दुनळी बंदूक मधोमध मोडून कोठीत काडतुसे घालतात, व ती रिकामी आहे की भरलेली हे उघडताच दिसते. पंप पद्धतीच्या बंदुकीत काडतुसे नळीखालच्या नलिकेत एकामागे एक भरली जातात आणि पुढची मूठ मागे-पुढे ओढल्यावर एकेक कोठीत येते. घरात ठेवताना कोठी रिकामी असावी, हा सर्वमान्य नियम आहे. नलिकेत काडतुसे महिनोन्‌महिने भरून ठेवल्यास स्प्रिंगच्या दाबाने प्लॅस्टिकची कवचे चेपतात व ऐन वेळी अडकतात. पहिले काडतूस बारीक छऱ्यांचे आणि पुढची मोठ्या छऱ्यांची, अशी मिसळून भरण्याची शिफारस काही जण करतात. ती टाळलेली बरी, कारण अंधारात व घाईत कोठीत नेमके कोणते काडतूस आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे लागते. टोपी उशिरा पेटण्याची शक्यता असते. बार फुसका वाजला, तर डाट नळीत अडकलेली नाही याची खात्री केल्याशिवाय दुसरे काडतूस घालता येत नाही. आजोबांच्या वेळच्या, काळ्या दारूसाठी बनविलेल्या किंवा नागमोडी पोताच्या दमास्कस नळीच्या बंदुकीत आधुनिक काडतूस घालणे धोक्याचे आहे. नळीवरील चाचणीचा ठसा त्या कामातील जाणकाराकडून वाचून घेतल्याखेरीज अशी बंदूक वापरात आणू नये.

भारतातील उत्पादन व कायदा : भारतात बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होतात. १८६९ मध्ये स्थापन झालेला हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहे. या काडतुसांचा मूळ उपयोग शिकारीसाठी होता. वन्य जीव संरक्षण अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकार संपुष्टात आली. परवानाधारकांकडे संरक्षण, पीकरक्षण व नेमबाजी एवढेच हेतू उरले.

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किमान वीस इंच (५०·८ सेंमी.) नळी असलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. शस्त्र नियम, २०१६ अन्वये अर्जदाराला शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. काडतुसांची मर्यादा परवान्यावरच नमूद असते.

बंदुकीचा परवाना म्हणजे ती माणसावर चालविण्याचा परवाना नव्हे. तो प्रश्न खाजगी बचावाच्या हक्काचा आहे व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत त्याचे नियमन केले आहे. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, असे कलम ३७ सांगते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी कलम ४१ नुसार, कलम ३७ च्या मर्यादेत, प्राणघातक बळाच्या वापराचे कारण ठरू शकते. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर झाडलेला बार या संरक्षणात बसणे कठीण असते, आणि बार पाठीवर झाला की छातीवर हे शवचिकित्सेत लपत नाही. जवळून सुटलेल्या बाराच्या जखमेत डाटही सापडते. डाट, छऱ्यांचा फैलाव व दारूचे डाग यांवरून न्यायवैद्यक तज्ञ अंतराचा अंदाज बांधतात.

जुनी, बुडावर हिरवट गंज चढलेली किंवा फुगलेली काडतुसे कवच कापून उघडू नयेत, तसेच पेटवून अथवा पुरून नष्ट करू नयेत. परवाना संपल्यामुळे किंवा अन्य कारणाने दारूगोळा बाळगणे कायदेशीर राहिले नसेल, तर कलम २१ प्रमाणे तो विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरात राहिलेल्या काडतुसांच्या बाबतीत ही जबाबदारी त्याच्या वारसांवर येते.